काचेच्या बरणीतला गाजराचा गर वर्षभर टिकतो कसा?



मोठ्या सुपरमार्केटमध्ये लहान मुलांच्या सामानाच्या रॅकसमोर कधी थांबला आहात का? डायपर, बेबी सोप आणि पावडरच्या डब्यांच्या शेजारी कधीकधी मुठीत मावतील एवढ्या काचेच्या बरण्या दिसतात. आत केशरी, हिरवा किंवा पिवळसर गर असतो आणि लेबलवर गाजर, वाटाणा, सफरचंद, क्वचित चिकन असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे या बरण्या अजून घरोघरी पोहोचलेल्या नाहीत. अनेकांनी त्या पहिल्यांदा पाहिल्या असतील त्या परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या बॅगेत. बरणी हातात घेऊन तारीख वाचली की मात्र सगळ्यांच्याच भुवया उंचावतात. वर्षभर टिकणार, कधीकधी त्याहूनही जास्त, आणि तेही फ्रिजबाहेर!

इकडे घरी सकाळी उकडून कुस्करलेलं गाजर उन्हाळ्यात ओट्यावर विसरलं, तर संध्याकाळी त्याला आंबूस वास येतो. त्यामुळे घरातली आजी हमखास विचारते, "अगं, एवढं टिकायला यात घातलंय तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. पण बरणीचं लेबल वाचलं तर उत्तर चक्रावून टाकणारं असतं. गाजराच्या बरणीवर अनेकदा दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात : गाजर आणि पाणी. टिकवणारं रसायन नाही, मीठ नाही, साखर नाही. मग हा गर टिकतो कशाच्या जोरावर? आज तेच समजून घेऊया. हे एकदा नीट कळलं, की बरणी उघडल्यावर काय करायचं, घरी केलेलं बाळाचं जेवण कसं ठेवायचं आणि बाळाला मध का द्यायचा नाही, या तिन्ही गोष्टींची उत्तरं आपोआप मिळतात.

मोठ्यांचे सगळे उपाय बाळासाठी बंद

अन्न टिकवणं आपल्याला नवीन नाही. आपल्या घरातल्या फडताळात त्याचे किती नमुने असतात बघा. कैरीचं लोणचं टिकतं मीठ आणि तेलामुळे. मोरांबा टिकतो साखरेमुळे. सांडगे, कुरडया, पापड टिकतात कारण कडक उन्हात त्यांच्यातलं पाणी उडून गेलेलं असतं. बाजारातला सॉस किंवा सरबताचा सिरप टिकतो आंबटपणामुळे आणि त्यात घातलेल्या सोडियम बेंझोएटसारख्या परिरक्षकामुळे.

या सगळ्यामागची युक्ती एकच आहे. अन्न खराब करणाऱ्या सूक्ष्मजीवांना जगायला पाणी लागतं, आणि त्यांना फार आंबट जागा मानवत नाही. मीठ आणि साखर अन्नातलं पाणी जणू बांधून ठेवतात. ऊन ते काढून घेतं. परिरक्षक त्यांची वाढ रोखतो. म्हणजे या पदार्थांच्या आतच एक पहारेकरी बसलेला असतो. म्हणूनच लोणच्याची बरणी रोज उघडली तरी, चमचा कोरडा असेल तर, लोणचं बिघडत नाही.

आता बाळाकडे या. सहा महिन्यांच्या बाळाची मूत्रपिंडं मोठ्यांइतकं मीठ हाताळू शकत नाहीत. साखर दिली तर दातांना त्रास आणि गोडाची सवय. म्हणून वर्षाच्या आत बाळाच्या जेवणात वरून मीठ-साखर घालू नका असं डॉक्टर सांगतात. तेल-मसाल्याचा प्रश्नच नाही आणि परिरक्षक बाळाच्या पोटात कोणालाच नको असतो. राहिला वाळवण्याचा मार्ग. तो आपल्या घरांनी फार पूर्वीच शोधलेला आहे. नाचणीचं सत्त्व किंवा तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन, वाळवून, भाजून केलेलं खिमटीचं पीठ हे वाळवून टिकवलेलं बाळाचं अन्नच आहे. हवं तेव्हा दोन चमचे घ्या, पाण्यात शिजवा, झालं.

पण गाजराचा ओला, मऊ, पाण्याने भरलेला गर तसाच टिकवायचा असेल तर? मीठ नाही, साखर नाही, ऊन नाही. मग हातात एकच हत्यार उरतं : उष्णता. अन्नातले सूक्ष्मजीव उष्णतेने मारून टाकायचे आणि नवे आत येऊ नयेत म्हणून दार घट्ट लावून घ्यायचं. बरणीबंद बाळअन्नाचं सगळं गुपित या एका वाक्यात आहे.

कारण माहीत नसताना सापडलेली युक्ती

ही युक्ती ज्याने शोधली, तो शास्त्रज्ञ नव्हता. तो होता फ्रान्समधला एक मिठाईवाला आणि आचारी, निकोला अपेर. साधारण सव्वादोनशे वर्षांपूर्वी त्याने जाड काचेच्या बाटल्यांमध्ये भाज्या, फळं, मांस, रस्सा भरून पाहायला सुरुवात केली. बाटलीला बूच घट्ट बसवायचं, ते तारेने बांधायचं, फुटू नये म्हणून बाटली कापडात गुंडाळायची आणि मोठ्या भांड्यात पाण्यात ठेवून बराच वेळ उकळायची. त्या बाटल्यांमधलं अन्न महिनोन्महिने चांगलं राहायचं.

त्या काळी फ्रान्सला दूरवर लढणाऱ्या सैन्यासाठी आणि आरमारासाठी टिकाऊ अन्न हवंच होतं. १८१० मध्ये फ्रेंच सरकारने अपेरला १२,००० फ्रँक दिले. अट एकच होती : ही पद्धत पुस्तक लिहून सगळ्यांना खुली करायची. त्याने ती पाळली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड याने अशाच पद्धतीसाठी पेटंट घेतलं. त्यात काचेबरोबर पत्र्याच्या डब्याचाही उल्लेख होता. आपल्याकडचा कोकणातला डबाबंद आमरस टिकतो तोही याच तत्त्वावर.

गंमत म्हणजे हे अन्न का टिकतं, हे खुद्द अपेरलाही ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, हवा बाहेर ठेवली म्हणून टिकतं. अन्न नासवणारे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते हवेतून, धुळीतून येतात आणि उष्णतेने मरतात, हे लुई पाश्चरने स्पष्ट करेपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षं गेली. तोवर कारखाने अंदाजाने चालले होते. कधी अन्न टिकायचं, कधी डबे फुगायचे.

उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा शत्रू

डबे का फुगायचे? कारण सगळेच सूक्ष्मजीव उकळत्या पाण्यात मरत नाहीत. काही जिवाणू अडचणीच्या काळात स्वतःभोवती जाड कवच तयार करतात आणि बीसारखे निपचित पडून राहतात. यांना बीजाणू म्हणतात. शेतात पडलेलं बी जसं उन्हाळाभर कोरडं राहतं आणि पाऊस पडला की फुटतं, तसंच हे. बीजाणू १०० अंश सेल्सिअसच्या उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरू शकतात.

यातला सर्वांत घातक जिवाणू म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एलझेल नावाच्या गावात एका अंत्यविधीनंतर जेवायला बसलेल्या वादकांना विषबाधा झाली. त्यांनी खारवलेलं डुकराचं मांस खाल्लं होतं. तिघे दगावले. प्राध्यापक एमिल व्हॅन एर्मेंजेम यांनी त्या मांसाची तपासणी करून हा जिवाणू शोधून काढला. त्याचं विष मज्जातंतूंवर हल्ला करतं, स्नायू लुळे पडतात आणि श्वास थांबू शकतो. जगात माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते.

हा जिवाणू मातीत राहतो. म्हणजे गाजर, बीट, बटाटा, रताळं यांच्या सालीवर त्याचे बीजाणू असू शकतात. एरवी त्याने आपलं काही बिघडत नाही, कारण त्याला हवेतला ऑक्सिजन सहन होत नाही. आता विचार करा, हवा काढून घट्ट बंद केलेली बरणी म्हणजे काय? त्याच्यासाठी तर ते राहायला उत्तम घर! म्हणून बरणीबंद अन्नाच्या धंद्यातले सगळे नियम या एका शत्रूला समोर ठेवून बनवलेले आहेत.

सुदैवाने त्याचे दोन कच्चे दुवे आहेत. पहिला, त्याला आंबट चालत नाही. आंबटपणा मोजायच्या पीएच या मापावर ४.६ ही सीमारेषा मानली जाते. (पीएच जितका कमी, तितका पदार्थ जास्त आंबट.) ४.६ च्या खाली हा जिवाणू वाढत नाही. सफरचंदाचा गर या रेषेच्या बराच खाली असतो. त्यामुळे फळांच्या बऱ्याच बरण्यांना उकळबिंदूच्या आसपासची उष्णता पुरते. केळं मात्र बहुतेक वेळा या रेषेच्या वर जातं. म्हणून केळ्याच्या बरणीच्या लेबलवर लिंबाचा रस, सायट्रिक आम्ल किंवा व्हिटॅमिन सी लिहिलेलं दिसतं. ते पाहून घाबरायचं कारण नाही. आंबटपणा वाढवायला आणि केळं काळं पडू नये म्हणून ते घातलेलं असतं.

दुसरा दुवा म्हणजे जास्त उष्णता. गाजर, वाटाणा, पालक, चिकन हे आंबट नसतात. त्यांच्यासाठी १२१ अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान लागतं. पण पाणी तर १०० अंशांनाच उकळतं ना? शाळेतला विज्ञानाचा तास आठवा. दाब वाढवला की पाण्याचा उकळबिंदू वाढतो. आपला प्रेशर कुकर नेमकं हेच करतो. कारखान्यात याच तत्त्वावर चालणारं मोठं यंत्र असतं, त्याला रिटॉर्ट म्हणतात. रिटॉर्ट म्हणजे शेकडो-हजारो बरण्या एकाच वेळी मावतील असा महाकाय कुकर!

कारखान्यात गाजराचा प्रवास

आता एका गाजराबरोबर कारखान्यात फिरून येऊया.

पहिल्यांदा निवड आणि धुणं. माती जितकी कमी, तितके बीजाणू कमी, म्हणून या पायरीवर बराच वेळ जातो. मग सालं काढणं, तुकडे करणं आणि वाफेवर शिजवणं. वाफ दोन कामं करते. भाजी मऊ होते आणि तिच्यातली एन्झाइम्स, म्हणजे रंग-चव बदलवणारी नैसर्गिक द्रव्यं, निकामी होतात. नंतर भाजी बारीक करून चाळणीतून गाळतात. एकही गुठळी किंवा धागा राहता कामा नये, कारण खाणाऱ्याला दात नसतात. गरात अडकलेली हवाही काढून टाकतात. हवा राहिली तर रंग आणि व्हिटॅमिन दोन्ही कमी होतात.

मग गरम गर बरणीत भरतात, पण काठोकाठ नाही. वर थोडी जागा सोडतात. झाकण बसवताना त्या जागेत वाफ सोडली जाते. ती वाफ तिथली हवा बाहेर ढकलते. झाकण बसतं. पुढे बरणी थंड झाली की वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि झाकण आत खेचलं जातं. झाकणाच्या आतल्या कडेला मऊ अस्तर असतं, ते काचेवर घट्ट दाबलं जातं. तुम्ही अशी बरणी उघडताना 'टक्' असा आवाज येतो ना, तो बाहेरची हवा आत शिरल्याचा. झाकणाच्या मधोमध जो गोल फुगवटा असतो, तो बंद बरणीत खाली दबलेला असतो आणि उघडल्यावर वर येतो. ते बरणीचं सील आहे.

बरणी बंद झाल्यावर तिची रवानगी रिटॉर्टमध्ये होते. इथे एक अडचण असते. घट्ट गर हळूहळू तापतो. कडेचा भाग लवकर तापतो, पण बरणीच्या मध्याजवळचा भाग सर्वांत शेवटी. वाटीतला गरम शिरा कडेने निवतो आणि मधोमध चटका देतो, तसंच हे, फक्त उलट. म्हणून हिशेब त्या सर्वांत थंड जागेचा करतात. त्या जागी निदान ३ मिनिटं १२१ अंश उष्णता मिळाल्याइतका परिणाम व्हायलाच हवा, हा किमान निकष. त्याचा अर्थ असा, की बोट्युलिनमचे एक लाख कोटी बीजाणू असते, तर त्यातला एखादाच वाचला असता. प्रत्यक्षात बरणीत इतके बीजाणू नसतातच, त्यामुळे धोका जवळजवळ शून्यावर येतो. प्रत्यक्षात कारखाने याहून जास्तच उष्णता देतात. मध्यापर्यंत ती पोहोचण्यासाठी बरणी ३ मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त वेळ रिटॉर्टमध्ये राहते. बरणी लहान असली की मध्यापर्यंत उष्णता लवकर पोहोचते, हाही लहान बरणीचा एक फायदा.

आतला गर तापून झाकण बाहेर ढकलू पाहतो. म्हणून रिटॉर्टमध्ये बाहेरूनही दाब दिला जातो. नंतर बरण्या हळूहळू थंड करतात, कारण तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी पडलं तर ती तडकते. थंड करायचं पाणीही निर्जंतुक असावं लागतं. एखादं झाकण किंचित सैल असेल तर पोकळीमुळे बाहेरच्या पाण्याचा थेंब आत खेचला जाऊ शकतो. शेवटी झाकणाचा फुगवटा खाली दबला आहे की नाही हे तपासलं जातं. काही नमुने मुद्दाम उबदार जागी काही दिवस ठेवून ते बिघडतात का हे पाहतात.

एवढ्या सगळ्या प्रवासात गाजरात काहीही मिसळलं गेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

फळीवर बाळाचं चित्र

बाळाचं अन्न कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनायला लागलं ते अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मिशिगन राज्यातल्या फ्रिमाँट गावात गर्बर कुटुंबाचा भाज्या-फळं डबाबंद करायचा कारखाना होता. १९२७ मध्ये डोरोथी गर्बर आपल्या सात महिन्यांच्या मुलीसाठी, सॅलीसाठी, रोज वाटाणे शिजवून गाळत बसायच्या. हे काम कारखान्यात का होऊ नये, असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. १९२८ मध्ये गाळलेले वाटाणे, गाजर, पालक, प्रून आणि भाज्यांचं सूप बाजारात आलं. तेव्हा ते पत्र्याच्या डब्यात होतं, काचेच्या बरण्या नंतर आल्या. डब्यावर शेजारच्या एका बाळाचं कोळशाने काढलेलं रेखाचित्र होतं. ते पुढे जगप्रसिद्ध झालं.

सुरुवातीची कित्येक दशकं अमेरिकेतल्या बाळअन्नात मीठ आणि साखर असायची. चाखून बघणाऱ्या आईला चव बरी वाटावी, हा त्यामागचा हेतू. टिकण्याशी त्याचा संबंध नव्हता. मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपण चायनीजच्या गाडीवर ज्याला अजिनोमोटो म्हणतो तो पदार्थही असायचा. १९६९ मध्ये टीका झाल्यावर तिथल्या मोठ्या कंपन्यांनी तो घालणं थांबवलं आणि सत्तरच्या दशकात मीठ-साखरेवरही कात्री चालायला लागली. बरण्या मात्र पूर्वीइतक्याच टिकत राहिल्या. टिकवण्याचं काम उष्णता आणि झाकणच करत होतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

आपल्या देशात मात्र ते गोंडस चित्र अशा डब्यावर छापता आलं नसतं. १९९२ चा शिशु दुग्धपर्याय, दूधपाजणीच्या बाटल्या आणि शिशुअन्न यांच्याबाबतचा कायदा आणि त्यात २००३ मध्ये झालेली दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या अशा अन्नाची जाहिरात करायला बंदी आहे. लेबलवर बाळाचं किंवा बाईचं चित्र चालत नाही आणि फुकट नमुने वाटता येत नाहीत. कारण साधं आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध आणि त्यानंतर आईच्या दुधाबरोबर वरचं अन्न, हेच बाळासाठी सर्वांत चांगलं. उष्टावणाला मामाच्या हातून मिळालेला खिरीचा पहिला घास असो किंवा घरचा मऊ भात, त्याची जागा बरणीने घ्यावी असं या लेखाचं म्हणणं नाही. प्रवासात किंवा अडीअडचणीला बरणी हाताशी असली, तर ती कशी वापरायची एवढंच आपल्याला माहीत हवं.

उष्णता काय हिरावून घेते?

उष्णतेची किंमत मोजावी लागतेच. व्हिटॅमिन सी आणि काही बी व्हिटॅमिन कमी होतात. वाटाण्याचा हिरवागार रंग फिका, शेवाळी होतो. ताज्या भाजीची चव राहत नाही. बंद बरणीत खूप तापवल्यावर फ्युरान नावाचं नको असलेलं द्रव्यही अल्प प्रमाणात तयार होतं. ते उडून जाणारं असल्यामुळे अन्न गरम करून उघड्यावर ढवळलं की त्यातलं काही निघून जातं. गाजरातलं बीटा कॅरोटीन मात्र बऱ्यापैकी टिकतं.

म्हणून आता दुसऱ्या पद्धतीही आल्या आहेत. काही ठिकाणी मऊ पाऊचमधलं अन्न न तापवता प्रचंड दाबाखाली ठेवतात. हवेच्या दाबाच्या जवळजवळ सहा हजार पट! त्याने जिवाणू मरतात आणि चव ताजी राहते, पण बीजाणू मरत नाहीत. म्हणून अशी पाकिटं फ्रिजमध्येच ठेवावी लागतात. फ्रिजबाहेर टिकणारं आणि फ्रिजमध्येच टिकणारं, यातला फरक लेबलवर वाचून मगच घ्या.

झाकण उघडलं, आता पुढे?

आता सगळ्यात महत्त्वाचं. लोणच्याच्या आत पहारेकरी असतो, असं आपण वर म्हटलं. बाळाच्या बरणीत तो नाही. तिथे पहारा फक्त दारावर आहे. म्हणजे 'टक्' आवाज आला त्या क्षणी वर्षभराची मुदत संपली. झाकणावरची तारीख बंद बरणीची असते. उघडलेली बरणी म्हणजे घरी शिजवलेली भाजी, तिच्यासारखीच वागवायची. तेव्हा एवढं लक्षात ठेवा :

- घेताना झाकणाचा फुगवटा दाबून बघा. तो टिकटिक करत खाली-वर होत असेल, तर ती बरणी घेऊ नका. काच तडकलेली, झाकण गंजलेलं किंवा कडेला ओघळ असेल तरीही नाही.
- उघडताना 'टक्' झालं नाही, फेस आला किंवा गर उसळला तर चाखून न बघता टाकून द्या. बोट्युलिनमच्या विषाचा वास-चव कळेलच असं नाही.
- बाळाला बरणीतून थेट भरवू नका. चमच्याबरोबर लाळ बरणीत जाते. लाळेतले जिवाणू तिथे वाढतात आणि लाळेतलं एन्झाइम गर पातळ करून टाकतं. लागेल तेवढं कोरड्या, स्वच्छ चमच्याने वाटीत काढा.
- वाटीत उरलेलं पुन्हा बरणीत टाकू नका. ते फेकून द्यायचं, कितीही जिवावर आलं तरी.
- उघडलेली बरणी लगेच फ्रिजमध्ये. फळं-भाज्यांची दोन दिवसांत संपवा, मांस किंवा अंडं असलेली एका दिवसात. लेबलवर याहून कमी मुदत असेल तर लेबलचं ऐका.
- उघडी बरणी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिली तर ती वापरू नका. आपल्या उन्हाळ्यात तर एका तासातच निकाल लावा. लांबलचक लाइट गेली असेल आणि फ्रिज गार राहिला नसेल, तरी हाच नियम.
- बंद बरणी गॅसशेजारी किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका.

मग घरीच कुकरमध्ये बरण्या भरल्या तर?

हा विचार तुमच्या मनात आला असेलच. कुकरही १२० अंशांच्या आसपास जातो, रिकाम्या बरण्या घरात असतात, मग एकदाच महिन्याभराचं करून ठेवू! कृपया असं करू नका. कुकरची शिट्टी झाली तेव्हा कुकरमधलं अन्न शिजलेलं असतं, पण झाकण उघडून ते बरणीत भरताना हवा, हात, चमचा यांचा संपर्क येतो. बरणी बंद करून कुकरमध्ये ठेवली, तरी तिच्या मध्यापर्यंत किती उष्णता किती वेळ पोहोचली हे मोजायला आपल्याकडे काही नाही. जॅम-सॉसची जुनी झाकणं पुन्हा तशी घट्ट बसत नाहीत. आणि बसली, तर अर्धवट तापलेली, हवाबंद, आंबट नसलेली बरणी म्हणजे बोट्युलिनमला आयतं घर.

घरच्यासाठी सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे फ्रीझरचा. भाजी शिजवा, वाटा, लवकर गार करा, स्वच्छ बर्फाच्या ट्रेमध्ये भरा आणि गोठल्यावर ते तुकडे डब्यात काढून वर तारीख लिहा. महिन्याभरात वापरून टाका. एका वेळी एक-दोन तुकडे काढून पूर्ण गरम करा आणि कोमट झाल्यावर भरवा. एकदा गरम केलेलं पुन्हा गोठवू नका. नुसतं फ्रिजमध्ये ठेवलेलं घरचं अन्न एक-दोन दिवसांत संपवा. आणि कोरडं हवं असेल तर आजीचं नाचणी सत्त्व आहेच. ते कोरड्या, घट्ट डब्यात ठेवलं की झालं.

मधाचं बोट नको

जाता जाता आजीशी थोडं प्रेमाने बोलावं लागेल असा एक मुद्दा. आपल्या अनेक घरांत बाळ जन्मल्यावर मधाचं बोट चाटवतात, गुटीही मधात उगाळतात. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात वर्षानुवर्षं वसलेले चांगले जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ही फौज अजून तयार नसते. तिथे ते बीजाणू फुटतात आणि आतच विष तयार करतात. बाळांना होणारा हा आजार वैद्यकशास्त्राने १९७६ मध्ये ओळखला. बद्धकोष्ठता, दूध ओढायची ताकद कमी होणं, रडण्याचा आवाज क्षीण होणं, मान आणि अंग सैल पडणं ही त्याची लक्षणं. अशी दिसली तर वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा.

"आम्ही तर सगळ्यांना मध चाटवला, काही झालं नाही," असं घरातलं कोणीतरी म्हणेल. खरं आहे, बहुतेक वेळा काही होत नाही. पण मधाच्या कोणत्या बाटलीत बीजाणू आहेत हे बघून कळत नाही आणि मध उकळूनही ते मरत नाहीत. त्यांना मारायला रिटॉर्ट लागतो, हे आता तुम्हाला माहीत आहे. एक वर्ष थांबायचं, एवढंच. पहिल्या वाढदिवसानंतर खुशाल द्या.

तर, पुढच्या वेळी आजीने बरणी हातात घेऊन विचारलं, "यात घातलंय तरी काय?", तर सांगा, "आजी, गाजर आणि पाणी. बाकी सगळी कमाल कुकरची आणि झाकणाची. आणि ते झाकण आता आपण उघडलंय, तेव्हा उरलेलं फ्रिजमध्ये ठेवू आणि उद्यापर्यंत संपवू."

भेटूया पुढच्या लेखात, स्वयंपाकघरातल्या अशाच एका प्रश्नासह. तोवर स्वतःची आणि घरातल्या छोट्या मंडळींची काळजी घ्या!